ब्रेन हॅमरेजचा पेशंट वाचेल का: आयसीयूतला अंदाज कसा बांधायचा आणि तो कुठे फसतो

आयसीयूच्या दाराबाहेर पहिल्या तासातच प्रश्न येतो, ‘वाचतील ना?’ त्यावर ‘७२ तास काही सांगता येत नाही’ असं म्हणून पुढच्या बेडकडे वळणं सोपं असतं. पण पहिल्या तासातही बरंच काही मोजता येतं. ते नीट मोजलं, त्यावर तारीख-वेळ घातली आणि ठरलेल्या टप्प्यांवर पुन्हा मोजलं, तर अंदाज देता येतो. हा लेख आयसीयूत काम करणारे रेसिडेंट, नर्स आणि तालुका-जिल्ह्याच्या ठिकाणचे फिजिशियन यांच्यासाठी आहे. फाइलवरचे आकडे समजून घ्यायचे असतील तर नातेवाइकांनाही वाचता येईल.

आधी रक्तस्राव कुठला ते ठरवा

केसपेपरवर ‘ब्रेन हॅमरेज’ किंवा नुसतं ‘सीव्हीए’ लिहिलेलं असतं. तेवढ्यावर अंदाज बांधता येत नाही. बीपीमुळे किंवा म्हातारपणी ठिसूळ झालेल्या रक्तवाहिन्यांमुळे मेंदूच्या आतच झालेला रक्तस्राव, रक्तवाहिनीवरचा फुगा फुटून मेंदूच्या आवरणाखाली पसरलेला सबअरॅक्नॉइड रक्तस्राव आणि अपघातातल्या माराने झालेला रक्तस्राव, या तिन्हींची मोजमापं वेगळी आहेत. एकाचा स्कोअर दुसऱ्याला लावला की आकडा येतो, पण त्याला अर्थ नसतो. पुढचं बरंचसं विवेचन पहिल्या प्रकाराबद्दल आहे, दुसऱ्याबद्दल शेवटाकडे थोडं येईल, आणि अपघाताचा विषय इथे घेतलेला नाही.

पायरी १: जीसीएस घ्या, पण खरा

शुद्ध मोजणारी ग्लासगो कोमा स्केल (जीसीएस) १९७४ मध्ये टीसडेल आणि जेनेट यांनी मांडली. डोळे (ई) ४, बोलणं (व्ही) ५, हालचाल (एम) ६, एकूण १५, आणि किमान ३. हे सगळ्यांना पाठ असतं, तरीही सगळ्यांत जास्त चुका इथेच होतात.

नुसती बेरीज लिहू नका. ‘जीसीएस ९’ या नोंदीतून काहीच कळत नाही. ‘ई२ व्ही२ एम५’ असं सुटं लिहा. हालचालीचा गुण चांगल्या बाजूचा धरायचा. डावी बाजू लुळी असेल तर उजव्या हाताने काय केलं ते बघायचं. भुवईच्या वरच्या हाडावरच्या खाचेत किंवा खांद्याच्या ट्रॅपिझियस स्नायूवर दाब दिल्यावर हात कॉलरबोनच्या वर येऊन दाब हटवायला बघत असेल तर एम५. नखावर दाब दिल्यावर हात झटकन मागे घेतला तर एम४. कोपरातून संथपणे, आखडल्यासारखा वाकला तर एम३. एम४ आणि एम३ यांतला फरक ड्यूटी बदलली की बदलतो, म्हणून शंका असेल तिथे दोघांनी एकत्र तपासावं.

आकडा खोटा पडण्याची कारणं ठरलेली आहेत. सेडेशन, म्हणजे गुंगीचं औषध, हे पहिलं. मिडाझोलॅम दोन दिवस चालू राहिलं आणि पेशंट वयस्कर किंवा किडनी मंदावलेला असेल, तर पंप बंद केल्यावरही गुंगी एक-दोन दिवस रेंगाळते. प्रोपोफॉल त्या मानाने लवकर उतरतं. साखर ५० पर्यंत घसरली असेल, सोडियम घसरलं असेल, ताप १०३ असेल किंवा ऑक्सिजन कमी पडत असेल, तर आधी ते दुरुस्त करा आणि मग मोजा. फिट येऊन गेल्यावर काही काळ शुद्ध मंद असते. बाहेरून न दिसणारी फिट आत चालूच असेल तर ईईजीशिवाय (मेंदूच्या विद्युत लहरींच्या तपासणीशिवाय) कळणार नाही. जेवढा रक्तस्राव दिसतोय त्या मानाने शुद्ध फारच कमी वाटत असेल, तेव्हा ईईजी मागवाच.

डाव्या बाजूच्या रक्तस्रावात वाचा जाते. तो पेशंट बोलण्यात १ किंवा २ गुण घेतो, पण डोळ्यांनी तुमच्याकडे बघतो आणि खुणेने सांगितलं तर हात उचलतो. ही वाचेची अडचण आहे, शुद्ध तेवढी गेलेली नाही. भाषेचंही भान ठेवा. धुळ्याकडची आजी अहिराणीतच बोलणार. प्रमाण मराठीत किंवा हिंदीत ‘अंगठा दाखवा’ म्हटल्यावर काही झालं नाही म्हणून एम६ काढून घेण्याआधी मुलाला आत बोलावून त्याच्या तोंडून सांगायला लावा. मोठ्याने सांगा, कारण कानाचं यंत्र घरीच राहिलेलं असू शकतं.

श्वासाची नळी घातलेल्या पेशंटला बोलण्याचा गुण देताच येत नाही. तिथे १ लिहू नका, ‘व्हीटी’ लिहा, आणि स्कोअर काढताना दोन्ही टोकं धरून बघा. ई२ व्हीटी एम५ असेल तर खरा जीसीएस ८ ते १२ च्या मधे कुठेतरी असणार. आयसीएच स्कोअरमध्ये (मेंदूतल्या रक्तस्रावाचा स्कोअर, तो पायरी ३ मध्ये येईल) ५ ते १२ ला एकच गुण आहे, म्हणजे अनिश्चितता असूनही उत्तर बदलत नाही. मात्र ई१ व्हीटी एम२ असेल तर टोकं ४ आणि ८ येतात आणि गुण २ किंवा १ होतो. मग स्कोअरही दोन लिहायचे. नळी असलेल्यांसाठी ‘फोर’ स्कोअर सोयीचा आहे: डोळे, हालचाल, ब्रेनस्टेमच्या (मेंदूच्या देठाच्या) प्रतिक्रिया, श्वास, प्रत्येकी ० ते ४, एकूण १६; त्यात बोलणं नाहीच.

बाहेरगावाहून अँब्युलन्समध्ये नळी घालून, भूल देऊन आणलेल्या पेशंटचा ‘जीसीएस ३टी’ हा औषधाचा जीसीएस असतो. पाठवणाऱ्या डॉक्टरांना फोन करून नळी घालण्याआधी पेशंट काय करत होता ते विचारा आणि फाइलमध्ये वेळेसकट लिहा. स्कोअर त्या आकड्यावर काढा.

पायरी २: गुठळी किती मोठी, हे टेपने मोजल्यासारखं मोजा

रिपोर्टमध्ये ‘लार्ज ब्लीड’ लिहिलेलं असतं. त्यावर समाधान मानू नका. १९९६ पासून वापरात असलेली ए × बी × सी ÷ २ ही पद्धत दोन मिनिटांत होते.

सीटीच्या ज्या स्लाइसवर गुठळी सगळ्यांत मोठी दिसते ती निवडा. तिच्यावरचा सगळ्यांत लांब व्यास म्हणजे ए. त्याच स्लाइसवर ए ला काटकोनात सगळ्यांत रुंद अंतर म्हणजे बी. दोन्ही सेंटिमीटरमध्ये. सी म्हणजे उंची, आणि घोटाळा होतो तो इथे. गुठळी दिसणाऱ्या सगळ्या स्लाइस सरसकट मोजायच्या नसतात. सर्वांत मोठ्या स्लाइसच्या क्षेत्रफळाच्या ७५ टक्क्यांहून जास्त असेल ती पूर्ण १ धरायची, २५ ते ७५ टक्के असेल ती अर्धी, २५ टक्क्यांहून कमी असेल ती सोडून द्यायची. बेरजेला स्लाइसच्या जाडीने गुणायचं. व्हेंट्रिकलमध्ये (मेंदूतल्या पाण्याच्या पोकळीत) उतरलेलं रक्त या मापात धरायचं नाही.

उदाहरण घेऊ. ६२ वर्षांचे गृहस्थ, बीपीची गोळी सोडलेली, उजव्या प्युटॅमेनमध्ये (मेंदूच्या खोल भागात) रक्तस्राव, व्हेंट्रिकलमध्ये थोडं रक्त, जीसीएस ई२ व्ही२ एम५, म्हणजे ९. ए ५ सेंमी, बी ४ सेंमी, स्लाइसची जाडी ५ मिमी. गुठळी ७ स्लाइसवर दिसते: त्यातल्या ४ मोठ्या, २ मध्यम, १ अगदी ठिपक्यासारखी. सी = (४ + १ + ०) × ०.५ = २.५ सेंमी. आकारमान ५ × ४ × २.५ ÷ २ = २५ मिली.

आता हेच घाईत केलं आणि सातही स्लाइस पूर्ण मोजल्या तर सी ३.५ होतो आणि आकारमान ३५ मिली येतं. दहा मिलीचा हा फरक मधल्या ३० च्या रेषेला ओलांडून जातो. त्याचं काय होतं ते पुढच्या पायरीत दिसेल.

आणखी काही सापळे. स्लाइसची जाडी फिल्मच्या कोपऱ्यात छापलेली असते ती वाचा. काही मशीनवर कवटीच्या तळाशी पातळ आणि वर जाड स्लाइस घेतात, तेव्हा सगळ्यांना एकच जाडी लावली की उत्तर चुकतं. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या फिल्मच्या फोटोवर मोजायचं असेल तर बाजूची मोजपट्टी फोटोत आली आहे ना ते बघा, नाहीतर पूर्ण सीडी किंवा लिंक मागवा. वेड्यावाकड्या आकाराच्या गुठळीत, विशेषतः रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असलेल्यांत, ही पद्धत आकारमान जास्त दाखवते. अशा वेळी रेडिओलॉजिस्टकडून संगणकावर कडा आखून मोजून घ्या.

पायरी ३: आयसीएच स्कोअर

सॅन फ्रान्सिस्कोमधल्या १५२ पेशंटच्या नोंदींवरून हेम्फिल आणि सहकाऱ्यांनी तो २००१ मध्ये प्रसिद्ध केला. जीसीएस ३–४ असेल तर २ गुण, ५–१२ ला १, १३–१५ ला ०. आकारमान ३० मिली किंवा जास्त असेल तर १. व्हेंट्रिकलमध्ये रक्त असेल तर १. रक्तस्राव टेंटोरियमच्या (मोठ्या मेंदूखालच्या पडद्याच्या) खाली, म्हणजे सेरेबेलम (लहान मेंदू) किंवा ब्रेनस्टेममध्ये असेल तर १. वय ८० किंवा जास्त असेल तर १. एकूण ६.

मूळ अभ्यासात ३० दिवसांतल्या मृत्यूंचं प्रमाण असं होतं: स्कोअर ० ला ० टक्के, १ ला १३, २ ला २६, ३ ला ७२, ४ ला ९७, ५ ला १००. सहा गुणांचा पेशंट त्यात एकही नव्हता.

आपल्या गृहस्थांना जीसीएसचा १, व्हेंट्रिकलचा १, बाकी शून्य, म्हणजे स्कोअर २, मृत्यूची शक्यता २६ टक्के. स्लाइस मोजण्यात चूक करून ३५ मिली धरले असते तर स्कोअर ३ आणि शक्यता ७२ टक्के. पेशंट तोच, रक्त तेवढंच. फक्त दोन-तीन स्लाइस जास्त मोजल्या. बाहेर बसलेल्या मुलाला मात्र ‘चारात एक’ ऐवजी ‘चारात तीन’ ऐकायला मिळालं असतं. म्हणूनच ३० च्या आसपासचं आकारमान दुसऱ्याने पुन्हा मोजल्याशिवाय स्कोअर फाइलवर चढवू नये.

वयाबद्दल एक छोटीशी गोष्ट. आधारवर जन्मतारीख १ जानेवारी असेल तर ते वय अंदाजाने लिहिलेलं असण्याची शक्यता बरीच. ७८ की ८१ हा प्रश्न असेल तर घरच्यांना विचारा.

टक्के वाचायचे कसे

त्या १०० टक्क्यांमागे किती माणसं होती? सहा. सहापैकी सहा गेले. एवढ्या थोड्या माणसांवरून संख्याशास्त्राच्या हिशेबाने खरं प्रमाण ५४ टक्क्यांपासून १०० पर्यंत कुठेही असू शकतं. स्कोअर ३ चे पेशंट ३२ होते; ७२ टक्क्यांभोवतीचा पट्टा साधारण ५३ ते ८६ असा आहे. तक्त्यात एक आकडा छापलेला असतो, पट्टा छापलेला नसतो.

यापेक्षा मोठी अडचण वेगळी आहे. ज्या पेशंटवरून स्कोअर बनले, त्यांतल्या अनेकांचे उपचार ‘आता काही उपयोग नाही’ म्हणून थांबवले गेले होते. उपचार थांबवले म्हणून पेशंट गेला, तो गेला म्हणून आकडा वाईट आला, आणि आकडा वाईट म्हणून पुढच्याचे उपचार थांबले. कायरा बेकर आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्येच हे चक्र दाखवून दिलं. २०१५ मध्ये मॉर्गनस्टर्न यांच्या गटाने उलट करून बघितलं. शुद्ध कमी असलेल्या १०९ पेशंटना पहिले ५ दिवस कोणतीही मर्यादा न घालता पूर्ण उपचार दिले. आयसीएच स्कोअरप्रमाणे ५० टक्के जायला हवे होते. ३० दिवसांत प्रत्यक्षात २० टक्के गेले.

अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचना म्हणूनच सांगतात की आधीपासून पेशंटची तशी इच्छा नसेल, तर उपचारांवर मर्यादा घालण्याचा नवा निर्णय किमान दाखल झाल्याच्या दुसऱ्या पूर्ण दिवसापर्यंत पुढे ढकलावा. फार गंभीर इजेत न्यूरोक्रिटिकल केअर सोसायटीची २०१५ ची शिफारस ७२ तास थांबायची आहे. ‘बहात्तर तास’ हा शब्द वॉर्डात उगाच फिरत नाही. पण ते ७२ तास पूर्ण उपचार करत घालवायचे असतात. नुसतं बघत बसून काही कळत नाही.

स्कोअरला काय दिसत नाही

सेरेबेलममधली १५ मिलीहून मोठी गुठळी स्कोअरमध्ये एक गुण खाते आणि चित्र काळं करते. पण तीच गुठळी वेळेत ऑपरेशनने काढली तर जीव वाचण्याची शक्यता वाढते. त्यामुळे तिथे स्कोअर काढत बसण्याआधी न्यूरोसर्जनला फोन. याच्या अगदी उलट पॉन्समध्ये, म्हणजे ब्रेनस्टेमच्या मधल्या भागात. तिथे १० मिलीची गुठळीही प्रचंड असते, कारण जागाच तेवढी नाही. ३० मिलीची रेषा पॉन्ससाठी निरर्थक आहे.

व्हेंट्रिकलच्या मागच्या टोकाला साचलेला रक्ताचा पातळ थर आणि चारही व्हेंट्रिकल रक्ताने गच्च भरलेली, दोन्हींना स्कोअर एकच गुण देतो. फरक मोजायला ग्रेब स्कोअर आहे: दोन्ही बाजूच्या व्हेंट्रिकलला प्रत्येकी ० ते ४, तिसऱ्या आणि चौथ्याला ० ते २, एकूण १२. पाणी तुंबून शुद्ध गेली असेल, तर ईव्हीडी (ते पाणी बाहेर काढणारी नळी) टाकल्यावर काही तासांत जीसीएस तीन-चार गुणांनी वर येऊ शकतो. अशा पेशंटचा स्कोअर ईव्हीडी नंतर पुन्हा काढायचा.

गुठळी वाढते आहे का, हेही पहिल्या आकड्यात नसतं. लक्षणं सुरू झाल्यापासून ३ तासांत स्कॅन झालेल्या पेशंटच्या १९९७ च्या एका अभ्यासात ३८ टक्के जणांची गुठळी पहिल्या दिवसात एक तृतीयांशाहून जास्त वाढली होती, आणि त्यातले बहुतेक पहिल्या स्कॅननंतरच्या एका तासातच. म्हणून लक्षणं सुरू झाल्यानंतर लगेच काढलेल्या सीटीवर आलेला ‘स्कोअर १’ हा तात्पुरता आहे. आठ-दहा तासांनी पोहोचलेल्या पेशंटचा स्कोअर १ त्याहून भरवशाचा. वॉरफरिन (रक्त पातळ करणारी गोळी) चालू होतं का, आयएनआर (रक्त किती पातळ झालं याचं माप) किती, त्याचा परिणाम उलटवणारं औषध किती वाजता दिलं, वरचं बीपी १३०–१५० मध्ये कधी आलं, याचाही स्कोअरमध्ये पत्ता नाही, पण पेशंटचं भवितव्य त्यावर हलतं.

जीव वाचणं आणि पूर्वीसारखं होणं

नातेवाईक एक प्रश्न विचारतात, पण त्यात दोन दडलेले असतात. दुसऱ्यासाठी २००८ चा फंक स्कोअर आहे. ९० दिवसांनी माणूस स्वतःच्या पायावर उभा असेल का, हे तो सांगतो. आकारमान ३० मिलीच्या आत असेल तर ४, ३०–६० ला २, त्यावर ०. वय ७० च्या आत २, ७०–७९ ला १, ८० पासून ०. जागा: मेंदूच्या बाहेरच्या भागात २, आत खोलवर १, टेंटोरियमखाली ०. जीसीएस ९ किंवा जास्त असेल तर २, नाहीतर ०. आधीपासून विसराळूपणाचा आजार नसेल तर १. एकूण ११. मूळ अभ्यासात ४ किंवा कमी गुण असलेला एकही जण स्वावलंबी झाला नाही आणि ११ गुणवाल्यांतले ८० टक्क्यांहून जास्त झाले.

आपल्या गृहस्थांचे गुण ४ + २ + १ + २ + १ = १०. चांगले आहेत. पण त्यांचा जीसीएस नेमका ९ वर आहे. सेडेशनमुळे ८ लिहिला गेला असता तर गुण ८ झाले असते. रेषेवरचे आकडे नेहमी दोनदा तपासा.

ही सुधारणा संथ असते. मिस्टी-३ आणि क्लिअर-३ या दोन मोठ्या चाचण्यांतले जे पेशंट ३० व्या दिवशी अंथरुणाला खिळलेले किंवा आधाराशिवाय चालू न शकणारे होते, त्यांतले ४३ टक्के वर्षभरात स्वतःची कामं बरीचशी स्वतः करण्याच्या अवस्थेला पोहोचले. महिन्याचा स्कोअर वर्षाचं चित्र सांगत नाही. दुसरी बाजूही सांगायला हवी. क्लिअर-३ मध्ये व्हेंट्रिकलमधलं रक्त औषधाने विरघळवल्यावर जीव जास्त वाचले, पण वाचलेल्यांत पूर्णपणे दुसऱ्यावर अवलंबून असणारेही वाढले.

कधी कधी पुन्हा मोजायचं

दाखल होताना पहिला स्कोअर, बीपी-साखर-ऑक्सिजन ताळ्यावर आल्यावर. सुमारे ६ तासांनी आणि २४ तासांनी पुन्हा सीटी. गुठळी ६ मिलीने किंवा एक तृतीयांशाने वाढली असेल तर अंदाज नव्याने. जीसीएस २ गुणांनी घसरला तर घड्याळाकडे न बघता लगेच सीटी.

२४ ते ७२ तासांत गुठळीभोवतीची सूज वाढत असते. या काळात थोडं बिघडणं अपेक्षित धरा आणि घरच्यांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर ‘काल हात हलवत होते, आज काय झालं?’ यावर उत्तर देताना विश्वास गमावला जातो. रोज सकाळी, शक्य असेल तर सेडेशन थांबवून जीसीएस घ्यायचा. नोंदीशेजारी शेवटचा डोस किती वाजता दिला ते लिहायचं.

७२ तासांनंतर, औषधांचा असर गेला आहे याची खात्री करून, डोळ्यांच्या बाहुल्या आणि कॉर्नियाची प्रतिक्रिया, हालचाल आणि सीटी एकत्र बघायचं. इथे एक चूक सर्रास होते. हृदय बंद पडून सुरू झालेल्या पेशंटसाठीचे भाकिताचे नियम इथे लावले जातात. त्या आजारात ऑक्सिजन तुटल्याने सबंध मेंदूला मार बसतो, रक्तस्रावात एका जागी. ते नियम इथे उसने आणू नका.

पहिल्या आठवड्यानंतर जीव घेण्याचं काम बरेचदा मेंदू करत नाही. न्यूमोनिया, पायातली गुठळी फुफ्फुसात जाणं, सेप्सिस, किडनी हे करतात. म्हणून ७ व्या दिवसापासून आयसीएच स्कोअर बाजूला ठेवून सोफा स्कोअर बघा: सहा अवयव किती बिघडले, प्रत्येकी ० ते ४. पहिल्या दिवसापासून पायाला हवेच्या दाबाचे पट्टे लावणं आणि गिळण्याची तपासणी झाल्याशिवाय तोंडाने पाणीही न देणं, या दोन साध्या गोष्टी या टप्प्यावर कामी येतात.

अपाची आणि संगणकावरची मॉडेल्स

१९८५ चा अपाची-२ हा आजाराच्या गांभीर्याचा स्कोअर कोणत्याही आयसीयू पेशंटला लागू होतो: पहिल्या २४ तासांतली सर्वांत वाईट मोजमापं, कमाल ७१ गुण. त्यात शुद्धीचे गुण १५ वजा जीसीएस असे येतात. भूल दिलेल्या पेशंटचा जीसीएस ३ लिहिला की १२ गुण फुकटात पडतात आणि बाकी ठणठणीत माणूस मरणाच्या दारात दिसतो. भूल देण्याआधीचा जीसीएसच वापरा.

मशीन लर्निंगची मॉडेल्स बरीचशी बॉस्टनच्या एका हॉस्पिटलच्या मिमिक या खुल्या माहितीसाठ्यावर बांधलेली असतात. असं मॉडेल समोर आलं तर त्याची अचूकता विचारण्याआधी तीन गोष्टी विचारा. आत घातलेल्या माहितीत ‘उपचार मर्यादित’ असा शेरा किंवा शेवटच्या दिवसांतली औषधं शिरली आहेत का? शिरली असतील तर मॉडेल भाकीत करत नाही, डॉक्टरांचा निर्णय वाचून दाखवतं. उपचार थांबवून गेलेले पेशंट वेगळे काढले आहेत का? आणि ‘३० टक्के’ असं सांगितलेल्या शंभर जणांतले खरोखर तीसच्या आसपास गेले का? गेलेल्यांना वर आणि वाचलेल्यांना खाली लावण्यात हुशार असलेलं मॉडेल टक्के सांगण्यात साफ चुकू शकतं.

सबअरॅक्नॉइडचं थोडक्यात

इथे गांभीर्य सांगणारी डब्ल्यूएफएनएस श्रेणी: जीसीएस १५ ला १, १३–१४ असून अंग लुळं नसेल तर २, लुळं असेल तर ३, ७–१२ ला ४, ३–६ ला ५. श्रेणी ठरवायची ती ईव्हीडी टाकून, फिट थांबवून, मगच. दारात ५ असलेला पेशंट दुसऱ्या दिवशी ३ वर आलेला दिसतो. सीटीवरचं रक्त जाड की पातळ आणि व्हेंट्रिकलमध्ये आहे की नाही, यावरून मॉडिफाइड फिशर ही श्रेणी, ० ते ४. पहिल्या २४ तासांत फुगा पुन्हा फुटण्याचा धोका सर्वाधिक. तो बंद केल्यावरही ४ थ्या ते १४ व्या दिवसात रक्तवाहिन्या आकसून नवा झटका येऊ शकतो. त्यासाठी निमोडिपिन ६० मिग्रॅ दर ४ तासांनी, २१ दिवस. या पेशंटबद्दल चौथ्या दिवशी ‘आता धोका टळला’ म्हणू नका.

घरच्यांशी बोलताना

उभ्याउभ्या, लिफ्टपाशी नको. खुर्च्या द्या, निर्णय घेणारी माणसं एकदमच बोलवा, आणि रोज एकाच डॉक्टरने बोलावं. सकाळच्या डॉक्टरांनी ‘बरे आहेत’ आणि रात्रीच्यांनी ‘क्रिटिकल’ सांगितलं की पुढचं कोणीच ऐकत नाही.

टक्के सांगू नका, माणसं सांगा, आणि पट्टा सांगा. ‘काकू, यांच्यासारखा रक्तस्राव झालेले शंभर जण घेतले तर सत्तरच्या वर महिन्याभरात वाचलेले असतात. काका त्यातले आहेत का, हे आज सांगता येणार नाही. उद्या सकाळच्या सीटीनंतर आणि तिसऱ्या दिवशी आपण पुन्हा बसू. वाचले तरी डावा हात-पाय किती परत येईल, त्याला महिने लागतील.’ यात आकडा आहे, मर्यादा आहे आणि पुढच्या भेटीची वेळही आहे. ‘सगळं देवाच्या हातात’ हे वाक्य घरचे स्वतः म्हणतील. डॉक्टरने म्हटलं की त्याचा अर्थ ‘हात टेकले’ असा घेतला जातो.

पैशाचा प्रश्न या बोलण्यात येऊ देऊ नका. तो आधी सोडवा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या हॉस्पिटलात आरोग्यमित्र बसतो, त्याची गाठ पहिल्याच दिवशी घालून द्या. खर्चाची धास्ती घेतलेला मुलगा ‘काही चान्स आहे का?’ विचारतो तेव्हा त्याला बरेचदा ‘अजून किती दिवस?’ विचारायचं असतं.

उपचार मर्यादित करायची वेळ आलीच तर सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालात आणि २०२३ च्या दुरुस्तीत रीत ठरलेली आहे. तीन-तीन डॉक्टरांची दोन मंडळं, प्रत्येकाचं मत शक्यतो ४८ तासांत, घरच्यांची लेखी संमती आणि अंमल करण्याआधी प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवणं. ब्रेन डेथ ही मात्र यातली गोष्ट नाही. ते भाकीत नसून निदान आहे. १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याप्रमाणे चार डॉक्टरांचं मंडळ, किमान ६ तासांच्या अंतराने दोनदा तपासणी. ‘ब्रेन डेड झाल्यासारखेच आहेत’ हे वाक्य त्या तपासण्यांआधी कोणीही उच्चारू नये.

आपल्या आयसीयूचा आकडा काढा

सॅन फ्रान्सिस्कोचे टक्के लातूरला किंवा मडगावला जसेच्या तसे लागू पडतील असं धरायचं कारण नाही. पेशंट किती तासांनी पोहोचतो, न्यूरोसर्जन आहे का, यावर ते हलतात. एक साधी एक्सेल शीट पुरते: वय, लक्षणं सुरू झाल्यापासून पहिल्या सीटीपर्यंतचे तास, सुटा जीसीएस, आकारमान, व्हेंट्रिकल, जागा, स्कोअर, ऑपरेशन किंवा ईव्हीडी, ३० आणि ९० व्या दिवसाची स्थिती. शंभरेक नोंदी झाल्या की प्रत्येक स्कोअरला अपेक्षित किती आणि प्रत्यक्ष किती ते शेजारी मांडा.

डामाचा (सल्ल्याविरुद्ध घरी नेलेल्यांचा) रकाना वेगळा ठेवा. असा पेशंट रजिस्टरमध्ये ‘डिस्चार्ज’ म्हणून चढतो आणि वाचलेल्यांत मोजला जातो. व्हेंटिलेटर काढून नेलेला तो पेशंट अनेकदा वाटेतच गेलेला असतो. त्याला गेलेल्यांत मोजलं तर आकडा उलट बाजूने खोटा होतो, कारण तो रक्तस्रावाने गेला की उपचार सुटल्याने, हे कळत नाही. म्हणून तिसरा रकाना, आणि त्यात कारणही: पैसे, सांगितलेला अंदाज, की घरीच शेवट व्हावा ही इच्छा. ३० व्या दिवशी फोन करायचा तो त्यांनाही. त्यासाठी दाखल करतानाच दोन नंबर घ्या, एक घरचा आणि एक शेजाऱ्याचा.